ऑनलाइन अध्यापनातील गट व गुणदान



मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावी प्राथमिक शिक्षकास गटाध्यापन नवे नाही. एकाच खोलीत दोन इयत्ता बसवून एकीस लेखनकाम द्यावे व दुसरीस वाचन शिकवावे, ही कला त्याला पूर्वीच्या पिढ्यांकडून मिळालेली आहे. नवे आहे ते साधन. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या घोषवाक्याने पाठ व स्वाध्याय पालकांच्या मोबाईलवर जाऊ लागले. पुढे शाळा पुन्हा भरल्या. तथापि ऑनलाइन स्वाध्याय व चाचण्या पूरक साधन म्हणून राहिल्या. अशा वेळी गटांची आखणी व गुणांची नोंद कशी करावी, याचा विचार अगत्याचा ठरतो.

मूडल ही प्रणाली २००२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि गूगल क्लासरूम २०१४ मध्ये आले. अशा प्रणालीत पाठ ठेवता येतो, स्वाध्याय मागवता येतो, गुण भरता येतात आणि बेरीज आपोआप होते. बेरीज यंत्र करते. परंतु कशाची बेरीज करावयाची, हे ठरविणे शिक्षकाचेच काम होय.

प्रथम गटांचा विचार करू. गट कोणत्या हेतूने करावयाचा हे आधी निश्चित असावे. वाचन व अंकज्ञान यांसाठी पातळीनुसार गट उपयुक्त ठरतात. १९९५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या पद्धतीत मूल कोणत्या इयत्तेत आहे यापेक्षा ते अक्षर ओळखते, शब्द वाचते, परिच्छेद वाचते की गोष्ट वाचते, यावरून त्याचा गट ठरतो. असा गट तात्पुरता असतो. मूल पुढे सरकले की त्याचा गट बदलावा. प्रकल्पासाठी मात्र संमिश्र गट इष्ट. तांड्यावरील एखाद्या मुलाची घरची बोली गोरमाटी असेल, तर ती बोली व मराठी दोन्ही जाणणारा सोबती त्याच्या गटात असावा.

ऑनलाइन गटाचे नाव मुलांना व पालकांनाही दिसते. म्हणून ‘मागे पडलेली मुले’ असे नाव चुकूनही देऊ नये. अरुणावती, अडाण, पैनगंगा अशी जिल्ह्यातील नद्यांची नावे द्यावीत. त्यांत उच्चनीच नाही. मूडलमध्ये गट दोन प्रकारे ठेवता येतात. एका प्रकारात प्रत्येक गटास केवळ आपलेच काम दिसते; दुसऱ्यात इतर गटांचे कामही पाहता येते. बुजऱ्या मुलांच्या चर्चेसाठी पहिला प्रकार बरा. प्रकल्प पूर्ण झाल्यावर एकमेकांचे काम पाहण्यासाठी दुसरा.

आता गटकार्याच्या गुणांकडे वळू. समजा, चार मुलांनी गावातील विहिरींच्या पाणीपातळीचा तक्ता केला आणि एकाने तो मोबाईलवरून पाठविला. गटाने मिळून काम सादर करण्याची सोय मूडलमध्ये आहे. गुण भरताना ते सर्व गटास लागू करावेत की नाही, असा पर्याय तेथे असतो. तो ‘होय’ ठेवला तर चौघांस सारखेच गुण पडतात. ज्याने दोर सोडून पाणी मोजले आणि जो केवळ पाहत उभा राहिला, ते दोघे एकाच मापाने मोजले जातात. यास्तव वीस गुणांपैकी दहा तक्त्यासाठी गटास द्यावेत आणि उरलेले दहा, प्रत्येकास दोन तोंडी प्रश्न विचारून, स्वतंत्र द्यावेत. तोंडी काम व प्रकल्प ही दोन्ही आकारिक मूल्यमापनाची मान्य साधने आहेत.

सर्वांत गंभीर प्रश्न रिकाम्या रकान्याचा आहे. २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात पहिली-दुसरीस आकारिक मूल्यमापनाचे ७० गुण व संकलिताचे ३०, तर तिसरी-चौथीस अनुक्रमे ६० व ४० असे प्रमाण ठरविले गेले. त्यामागील हेतू हा की, वर्षभराच्या निरीक्षणास महत्त्व मिळावे. परंतु ऑनलाइन नोंदीत हा हेतू एका खुणेने विफल होऊ शकतो. एखाद्या मुलीने वीस गुणांच्या पाच स्वाध्यायांपैकी तीन केले आणि १७, १८ व १६ गुण मिळविले. सोंगणीच्या दिवसांत वडील मोबाईल घेऊन शेतावर होते, म्हणून दोन स्वाध्याय राहिले. रिकामे रकाने वगळले तर तिचे ६० पैकी ५१, म्हणजे ८५ टक्के होतात आणि श्रेणी अ-२ येते. तेच रकाने शून्य धरले तर १०० पैकी ५१ होतात आणि श्रेणी क-१ येते. मुलगी तीच आणि तिचे ज्ञानही तेच. केवळ एका पर्यायाने ती तीन पायऱ्या खाली उतरली.

शून्य म्हणजे काम तपासले व त्यात काही आले नाही. रिकामा रकाना म्हणजे काम अद्याप पाहिलेच नाही. या दोन्हींचा अर्थ भिन्न आहे. मूडलमध्ये रिकामे रकाने सरासरीतून वगळण्याचा पर्याय असतो. तो चालू आहे की नाही हे सत्राच्या आरंभीच पाहावे. मात्र रकाना कायमचा रिकामा ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण मग न शिकलेला भाग झाकला जातो. राहिलेला स्वाध्याय शाळेत वहीवर किंवा तोंडी करून घ्यावा आणि मगच गुण भरावेत.

मुदतीचेही असेच. प्रणाली ‘उशिरा’ अशी खूण करते. उशीर का झाला हे तिला कळत नाही. मोबाईल संध्याकाळी घरी येतो आणि तीन भावंडे त्यावर टेकतात. म्हणून एका रात्रीची मुदत न देता आठवड्याची द्यावी, सोयाबीनची सोंगणी व कापसाची वेचणी यांच्या दिवसांत ती वाढवावी, आणि केवळ उशिरासाठी गुण कापू नयेत.

सत्राच्या आरंभी प्रत्येक शिक्षकाने तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात : गट कशासाठी केले, गटाचे व व्यक्तीचे गुण किती, आणि रिकाम्या रकान्याचे काय करावयाचे. महिन्याच्या अखेरीस पडद्यावरील श्रेणी व वर्गातील प्रत्यक्ष मूल यांची एकदा गाठ घालावी. दोन्हींत मेळ नसेल, तर आधी नोंद तपासावी. मुलास दोष देण्याची घाई करू नये.