पेसमेकर आणि अर्ल बाकेन



आपल्यातील कित्येक ज्येष्ठांच्या छातीत आज पेसमेकर आहे. अर्ल बाकेन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस येथे, मेहुण्यासह, गॅरेजमध्ये मेडट्रॉनिक कंपनी स्थापिली; पहिल्या महिन्याची प्राप्ती अवघे ८ डॉलर! तेव्हा पेसमेकर इस्पितळाच्या विजेवर चाले. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी वीज गेली आणि एक बालरुग्ण दगावला. डॉ. लिलेहाय यांच्या विनंतीवरून बाकेन यांनी चार आठवड्यांत बॅटरीवरील, अंगावर बाळगण्याजोगा पेसमेकर सिद्ध केला. त्याची चाचणी आधी श्वानावर झाली. अहिंसाव्रती मनास हे सलते, आणि सलावेच. दुसऱ्याच दिवशी ते यंत्र एका बालकाचे हृदय चालवीत होते! उतारवयात बाकेन यांनाही पेसमेकर बसविण्यात आला. २०१८ मध्ये ते निवर्तले.