आल्स्टरडॉर्फचा बाजारचौक

जर्मनीच्या हॅम्बुर्ग शहरात पाद्री हाइन्रिश झेंगेलमान यांनी १८६३ मध्ये आल्स्टरडॉर्फ इथे बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी निवासी संस्था काढली. पुढे ती शहरापासून तुटलेली वसाहतच झाली. नाझी काळात इथून ६००हून अधिक रहिवासी बाहेर पाठवले गेले. त्यांपैकी ५००हून अधिक मारले गेले. युद्धानंतरही हाल संपले नाहीत. १९७९ मध्ये वृत्तपत्रांनी तिथल्या गर्दीचं, कोंडवाड्याचं चित्र छापलं, तेव्हा कुठे बदल सुरू झाला.

रहिवासी हळूहळू शहरातल्या साध्या घरांत राहायला गेले. माझ्या मते खरं काम हेच! आवाराचं रूप पालटणं त्यामानाने सोपं. २००३ मध्ये तिथे बाजारचौक उघडला: दुकानं, खाण्यापिण्याची ठिकाणं, वैद्यकीय सेवा. आता शेजारपाजारचे लोक भाजी-पाव घ्यायला तिथे सहज येतात.

आवारातल्या चर्चमध्ये १९३८ चं एक भित्तिचित्र होतं. त्यात इतरांच्या डोक्यामागे तेजोवलय, अपंगांच्या मागे मात्र नाही. ते पुसून टाकलं नाही, हे फार बरं झालं. ती भिंतच चर्चमधून काढून बाहेर आणली. २०२२ पासून ती तिथल्या स्मृतिस्थळाचा भाग आहे आणि बाजाराला आलेला कोणीही ती पाहू शकतो.