शाळा, ताप आणि शेजारधर्म

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या सभेत आजारपणाचा विषय कशाला, असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. परंतु आपल्या मंडळाचे सारे काम घरसंसाराशी निगडित आहे, आणि जून महिन्यात बहुतेक घरांत सकाळी सात वाजता एक प्रश्न हटकून उभा राहतो. "पोराचे अंग जरा कणकणले आहे. शाळेत पाठवू की ठेवून घेऊ?" प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्या उत्तरावर शेजारच्या चार घरांचे आरोग्य अवलंबून असते. म्हणून आज त्याचाच थोडा विचार करू.

सुट्टी संपते तेव्हा मुले गावाहून, आजोळाहून, लग्नकार्याहून परतलेली असतात. नवी दप्तरे येतात, वह्यांना खाकी कव्हरे चढतात आणि त्याच सुमारास पाऊस सुरू होतो. पावसाच्या झडीमुळे वर्गाच्या खिडक्या बंद होतात, आणि एका खोलीत चाळीस-पन्नास मुले दिवसाचे पाच-सहा तास एकच हवा घेतात. पहिल्या पंधरवड्यात घरोघरी शिंका ऐकू येतात त्या उगीच नव्हेत. पूर्वी आपण सुंठीचा काढा पाजून, कपाळाला बाम चोळून मुलाला शाळेत धाडत असू. कोविडच्या साथीने ही सवय मोडायला हवी होती. ती खरोखर मोडली का, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरते पाहावे.

थोडी उजळणी करते. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले आणि त्याच महिन्यात शाळा बंद झाल्या. वरच्या इयत्तांचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारीपासून ठिकठिकाणची परिस्थिती पाहून उघडल्या. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातले निर्बंध उठले. १५ जून २०२२ ला, विदर्भात २७ जूनला, मुले नेहमीच्या वेळी शाळेत गेली, आणि त्याच आठवड्यात मुंबईत रुग्णांचे आकडे पुन्हा चढत होते. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आणीबाणी संपली, पण आजार गेला नाही. २०२५ च्या मे-जूनमध्ये केरळ, महाराष्ट्र, दिल्ली येथे रुग्ण पुन्हा वाढले. त्या वेळी कर्नाटक सरकारने शाळांना परिपत्रकच काढले, की ताप, सर्दी, खोकला असलेल्या मुलांना पालकांनी शाळेत पाठवू नये. अशा परिपत्रकाची वाट न पाहता हा नियम आपण आपणहून पाळावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता घरच्या तपासणीविषयी. मे २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने घरी तपासणी करण्याच्या पहिल्या किटला मान्यता दिली. हे किट आपल्या पुण्याच्याच मायलॅब कंपनीचे होते, आणि तेव्हा त्याची किंमत २५० रुपये होती. त्यात कापूस लावलेली एक काडी, औषधाची नळी आणि एक छोटी पट्टी असते. काडी नाकात फिरवायची, नळीतल्या पाण्यात घोळायची आणि त्याचे थेंब पट्टीवर सोडायचे. विषाणूच्या अंगचे प्रथिन त्या पाण्यात पुरेसे असेल तर पट्टीवर रेघ उमटते.

काम सोपे आहे, पण स्वयंपाकात जसा अंदाज चालतो तसा येथे चालत नाही. आधी पाकिटावरची मुदत पाहावी. हात साबणाने धुवावेत. पावसाळ्याची दमट हवा पट्टीला मानवत नाही, म्हणून पाकीट ऐन वेळी फोडावे, आधी फोडून ओट्यावर ठेवू नये. लहान मुलाचा नमुना मोठ्या माणसानेच घ्यावा. मूल रडत असेल तर त्याला मांडीवर घेऊन शांत करावे आणि मग काडी दोन्ही नाकपुड्यांत, कागदात सांगितली असेल तेवढीच खोल, हलकेच फिरवावी. नुसती नाकाच्या टोकाला लावून काढली तर नमुना येत नाही. मग घड्याळ लावून बसावे. बहुतेक किटांत पंधरा मिनिटांनी निकाल पाहायचा असतो. घाईने पाचव्या मिनिटाला पाहू नये आणि विसरून तासाभराने पाहिलेली रेघ खरी धरू नये. 'सी' ह्या अक्षरापुढे रेघ आलीच नाही, तर ती तपासणी फुकट गेली असे समजावे. 'सी' आणि 'टी' अशा दोन्ही रेघा आल्या, तर कोविड आहे. 'टी'ची रेघ फिकट असली तरी ती रेघच असते. "जरा पुसटच आहे, म्हणजे थोडासाच असेल," असे मनाचे समाधान करून घेऊ नये.

दुसरी रेघ आली नाही तर काय? येथेच बहुतेक घरांत घोटाळा होतो. रेघ नाही म्हणजे मूल बरे आहे, असा अर्थ आपण लावतो आणि दप्तर पाठीला अडकवतो. तो अर्थ बरोबर नाही. घरची पट्टी प्रयोगशाळेतल्या आरटीपीसीआर तपासणीइतकी बारकाईने पाहू शकत नाही. आजाराच्या पहिल्या दिवशी विषाणू थोडा असतो, तेव्हा ती चुकू शकते. म्हणूनच घरी तपासणीला परवानगी देताना परिषदेने नियम घातला होता, की निकाल होकारार्थी आला तर तो खरा मानावा, पुन्हा तपासण्याची गरज नाही, आणि लक्षणे असून नकारार्थी आला तर आरटीपीसीआर करून घ्यावी. आपल्यापैकी पुष्कळांच्या लेकीसुना अमेरिकेत आहेत. तेथे ऑगस्ट-सप्टेंबरात शाळा उघडतात, आणि २०२२ पासून सरकारने टपालाने घरोघरी फुकट किटे पाठवली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथील औषध प्रशासनाने सांगितले, की लक्षणे असून पहिला निकाल नकारार्थी आला तर ४८ तासांनी पुन्हा तपासावे. दोन्ही देशांच्या सांगण्यातले सार एकच आहे. ताप अंगात असेपर्यंत रेघ नसणे म्हणजे शाळेत जाण्याचा परवाना नव्हे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष ध्यानात ठेवायची. आपल्या शाळा पावसाळ्यात उघडतात, तेव्हा प्रत्येक ताप कोविडचा नसतो. डेंग्यू, मलेरिया, साचलेल्या पाण्यातून चालल्याने होणारा लेप्टोस्पायरोसिस, साधा फ्लू, हे सारे पाहुणे ह्याच दिवसांत येतात. पट्टीवर रेघ नाही म्हणून निर्धास्त होऊन डेंग्यूचे तीन दिवस घरी काढणे फार महागात पडते. ताप दोन दिवसांत उतरला नाही, मूल उलट्या करू लागले, पोट दुखू लागले, हिरड्यांतून रक्त आले किंवा ते सुस्त पडले, तर डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासून घ्यावे. डेंग्यूत ताप उतरण्याच्या वेळीच धोका वाढू शकतो, हेही विसरू नये. श्वास भरभर चालणे, श्वासाबरोबर फासळ्या आत ओढल्या जाणे, ओठ निळसर होणे, मुलाने पाणीही न पिणे, ही लक्षणे दिसली तर रात्र असली तरी थांबू नये. तापावर मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये, आणि डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेनही नको.

आता मी मूळ मुद्द्याकडे येते. वरचे सारे पुष्कळ घरांना ठाऊक आहे. तरीही सकाळी पॅरासिटामॉलचा चमचा पाजून मूल शाळेत जाते, औषध उतरते तसा दुपारी ताप चढतो, आणि तोवर डबा खाताना शेजारच्या दोघांना प्रसाद मिळालेला असतो. असे का होते? आपण ताप झाकतो म्हणून.

ही झाकण्याची सवय जुनी आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता, तेव्हा लष्कराचे शिपाई घरात शिरून झडती घेत आणि रोग्यांना छावणीत नेत. त्या धाकाने लोकांनी घरचे रोगी दडवले, आणि प्लेग पसरतच गेला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या दवाखान्यात पोहोचवले, आणि स्वतःला लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एकीकडे शिपायांचा धाक होता आणि दुसरीकडे ही सेवा होती. धाकाने रोग लपला आणि सेवेने तो उजेडात आला. २०२० मध्येही दारावर फलक लागत, इमारतीला दोऱ्या बांधल्या जात, जिन्यात लोक तोंड फिरवीत, म्हणून कित्येकांनी खोकला गिळला. आज तो फलक नाही आणि दोरीही नाही. मग आता लपवण्याचे कारण काय?

पहिले कारण हजेरी. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस मिळवण्यासाठी आजारी मूल शाळेत जात असेल, तर ते बक्षीस कशाचे, ह्याचा शाळांनी विचार करावा. आपल्यापैकी ज्या पालक-शिक्षक संघावर आहेत त्यांनी हा विषय काढावा. बुडालेला अभ्यास चार दिवसांत भरून निघतो.

दुसरे कारण लोक काय म्हणतील. ह्याला उत्तर आपल्याच हाती आहे, कारण ते 'लोक' म्हणजे आपणच. एखादीने फोन करून सांगितले, "आमच्या धाकट्याला कोविड निघाला आहे, कालच तुमच्या मुलाबरोबर खेळला होता," तर तिला बोल लावू नये. तिने आपल्यावर उपकार केलेले असतात. तिने सांगितले म्हणून आपण आपल्या मुलावर लक्ष ठेवतो, मधुमेही आजीची खोली निराळी करतो. मुलाचा ताप दोन-तीन दिवसांत जातो, पण तोच विषाणू आजीला इस्पितळात नेऊ शकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आजारपणाला लागू नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही मात्र तंतोतंत लागू आहे.

तिसरे कारण सर्वांत खरे आणि कठीण आहे. आईची नोकरी. मूल घरी राहिले तर कोणीतरी रजा घ्यायची, आणि ती बहुधा आईनेच. वडिलांनीही दोनांतला एक दिवस घ्यावा, असे घरात स्पष्ट सांगावे. पण आपल्या घरी धुणीभांड्याला येणाऱ्या बाईला तर रजा म्हणजे पगारकपात. तिचे मूल तापले तर ती काय करील? त्याला शाळेत धाडील नाहीतर बरोबर घेऊन येईल. अशा दिवसाचा पगार कापू नये, आणि "बाई, आज पोराजवळ थांबा," असे आपणच म्हणावे. हा नियम तिच्या घराइतकाच आपल्या घराच्या भल्याचा आहे.

मूल शाळेत परत केव्हा पाठवावे, असेही विचारले जाते. जानेवारी २०२२ च्या केंद्रीय नियमात सात दिवस आणि त्यांत शेवटचे तीन दिवस ताप नसणे, अशी अट होती. मार्च २०२४ पासून अमेरिकेत, औषधाशिवाय चोवीस तास ताप नाही आणि तब्येत सुधारते आहे, तर जावे, पण पुढे पाच दिवस मास्क वगैरे काळजी घ्यावी, असे सांगतात. आपण डॉक्टरांना विचारावे, आणि निदान औषधाशिवाय पुरा एक दिवस ताप नाही एवढी अट तरी कोणत्याही तापाला लावावी.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवते. आपल्या कपाटाचा एक खण ह्या कामाला द्यावा. त्यात थोडी किटे, दोन तापमापके आणि मास्क असावेत, आणि एकीने दर तीन महिन्यांनी किटांची मुदत पाहावी. २५० रुपये ही काही घरांत दिवसभराची कमाई असते, तेथे किट विनामूल्य पोहोचवावे. दुसरे, ज्या घरी आजार असेल तेथे दोन वेळचा डबा दाराशी ठेवण्याची पाळी लावावी. तिसरे, आजारी मुलाचा अभ्यास त्याच वर्गातल्या मुलाच्या आईने संध्याकाळी फोनवर सांगावा. ह्यात मोठा खर्च नाही, सभा-ठरावही नकोत. एवढे झाले तर "सांगितले तर काय होईल?" ह्या भीतीला "सांगितले तर डबा येईल" असे उत्तर मिळेल, आणि ताप झाकण्याची गरजच उरणार नाही.