पेटीतले कागद आणि मुलींचे शिक्षण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला उभे राहून बोलण्याची सवय नाही. सातवी यत्ता झाली आणि माझी शाळा सुटली. तेव्हापासून जे काय बोलणे झाले ते स्वयंपाकघरात आणि नळावर. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या दोन्ही मुली दवाखान्याच्या शिक्षणाला गेल्या, ते कसे जमवले तेवढे सांगा." म्हणून हे चार शब्द. चुकले-माकले तर पोटात घाला.

आमचे हे सैन्यात होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता मिहानमधल्या एका कंपनीत सुरक्षा रक्षक आहेत. पेन्शन आणि पगार मिळून घर चालते, पण शिल्लक फारशी राहत नाही. आम्हांला दोन मुली. थोरली लहानपणी आजीचे पाय चेपायची तेव्हाच म्हणायची, "मी मोठेपणी आजीला चालती करीन." २०१९ साली ती बारावी चांगल्या गुणांनी पास झाली आणि तिला फिजिओथेरपीच्या पदवीला प्रवेश मिळाला. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगते. लकवा झालेल्या, हाड मोडलेल्या किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला व्यायाम देऊन पुन्हा उभे करण्याची ही विद्या. तिच्या वेळी चार वर्षे अभ्यास आणि वर सहा महिने दवाखान्यात उमेदवारी होती.

फीचा आकडा ऐकून माझ्या पोटात गोळा आला. घरातलेच एकजण म्हणाले, "परक्याच्या घरी जाणारी पोर, तिच्यावर एवढा खर्च कशाला?" हे काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या पाटल्या काढून गहाण ठेवायला दिल्या.

आता माझी चूक सांगते. मी यांना विचारले होते, "अहो, सैनिकांच्या मुलांना काही शिष्यवृत्ती असते म्हणतात ना?" हे म्हणाले, "अगं, ती शहिदांच्या मुलांसाठी असते. आपण कशी मागायची?" यांच्या बोलण्यात अभिमान होता आणि मला त्याचा आदर वाटला. म्हणून मी पुढे चौकशी केली नाही. २०२१ सालच्या संक्रांतीला, म्हणजे मुलगी दुसऱ्या वर्षाला गेल्यावर, एका ओळखीच्या बाईंकडून कळले की त्यांच्या मुलीला पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळते आणि त्यांचे यजमान तर धडधाकट निवृत्त झालेले आहेत. मग आम्ही चौकशी केली. उत्तर मिळाले, की अर्ज पहिल्या वर्षीच करावा लागतो. मुलींना महिन्याला ३,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ३६,००० आणि चार वर्षांचे १,४४,००० रुपये. मिळाले असते की नाही ते देव जाणे, पण मागायचेच राहून गेले. त्या रात्री मला जेवण गेले नाही. पाटल्या गेल्याचे दुःख नव्हते. नीट विचारले असते तर कदाचित त्या हातातच राहिल्या असत्या, याचे दुःख होते.

भगिनींनो, ही योजना २००६-०७ सालापासून चालू आहे. ती केंद्रीय सैनिक बोर्ड चालवते आणि पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो. हा निधी १९६२ सालचा, चीनशी लढाई झाली तेव्हाचा. त्या वेळी देशभरातल्या बायांनी अंगावरचे दागिने काढून दिले होते. आमच्या आजेसासूबाईंनी कानातली फुले दिल्याची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. म्हणून हा पैसा घ्यायला मला आता लाज वाटत नाही. ते भीक मागणे नव्हे. आपल्याच आजीने ठेवलेली ठेव आहे ती.

दरवर्षी देशभरात ५,५०० मुलामुलींना ही शिष्यवृत्ती मिळते, २,७५० मुली आणि २,७५० मुलगे. मुलग्यांना महिन्याला २,५०० रुपये. वीरगती प्राप्त झालेल्यांच्या आणि जखमी होऊन अपंग झालेल्यांच्या कुटुंबांना पहिला मान, आणि तो योग्यच आहे. त्यांच्यानंतर अधिकारी दर्जाच्या खालच्या सर्व माजी सैनिकांच्या मुलांचाही नंबर लागतो. सैनिकाच्या विधवेलाही अर्ज करता येतो. बारावीला किंवा पदविकेला निदान ६० टक्के गुण हवेत. डॉक्टरी, दातांची डॉक्टरी, नर्सिंग, फिजिओथेरपी, औषधनिर्माण असे धंदेशिक्षणाचे पहिले पदवी अभ्यासक्रम त्यात बसतात. अर्ज केला म्हणजे मिळालीच असे नव्हे, गुणांप्रमाणे यादी लागते.

थोरलीच्या वेळी जे हातचे गेले ते धाकटीच्या वेळी जाऊ द्यायचे नाही, असे मी मनाशी ठरवले. त्याच वर्षी माळ्यावरची यांची काळी लोखंडी पेटी खाली काढली. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, जुनी पत्रे, सगळे कागद सतरंजीवर मांडले. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे आणि नावे ओळखता येतात. तेव्हा दिसले की सैन्याच्या कागदात धाकटीची जन्मतारीख १२ होती आणि शाळेच्या दाखल्यात २१. ती जन्मली तेव्हा हे काश्मीरमध्ये होते. फोनवर ऐकून कुठेतरी आकडे उलटे झाले असतील. सोळा वर्षे तो कागद आमच्या डोक्यावर माळ्यावर होता आणि मी तो एकदाही उघडून पाहिला नव्हता.

मग जन्मदाखला काढला, प्रतिज्ञापत्र केले आणि यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्रे पाठवली. दुरुस्ती होऊन यायला आठ महिने लागले. हे काम प्रवेशाच्या धांदलीत निघाले असते तर धाकटीचेही पहिले वर्ष हातचे गेले असते.

२०२३ साली धाकटी बी.एस्सी. नर्सिंगला लागली. एम्समध्ये पाळीवर जाणाऱ्या पांढऱ्या कपड्यांतल्या मुली ती रोज रस्त्यात पाहत होती. हे एम्स ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले, तेव्हा आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला गर्दीत उभ्या होतो. "आई, मला असे काम करायचे आहे," असे ती तिथेच म्हणाली होती.

या वेळी सगळे कागद तयार होते. अर्ज संगणकावर भरायचा असतो, तो थोरलीने भरला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे माजी सैनिकाचे प्रमाणपत्र, कॉलेजचा दाखला, गुणपत्रिका आणि मुलीच्या स्वतःच्या नावाचे, आधारला जोडलेले बँक खाते, एवढे लागते. यादीत नाव आले त्या दिवशी यांनी मुलीला काही न बोलता सॅल्यूट केला. मी देवापुढे साखर ठेवली.

पण मी खोटी आशा दाखवणार नाही. पहिली गोष्ट, फी भरायच्या दिवशी हा पैसा हातात नसतो. तो मागाहून, वर्षाचा एकदम खात्यात येतो. तेव्हा पहिल्या वर्षाची सोय आपली आपणच करून ठेवावी. दुसरी गोष्ट, सगळी फी त्यात भागत नाही. आमच्या घरी पुस्तके, गणवेश आणि येण्याजाण्याचा खर्च त्यातून निघतो, फीसाठी हे अजून जादा पाळी करतात. तिसरी गोष्ट, दरवर्षी निदान ५० टक्के गुण मिळवून नूतनीकरण करावे लागते. आणि चौथी, पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाला ही शिष्यवृत्ती मिळत नाही, एम.बी.ए. आणि एम.सी.ए. एवढे सोडून. थोरलीला आता फिजिओथेरपीत पुढची पदवी घ्यायची आहे. ती नोकरी करून पैसे साठवते आहे. माझ्या पाटल्या तिने पहिल्या वर्षाच्या पगारातून सोडवून आणल्या, हे मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

ती एकदा मला सांगत होती, की अमेरिकेत १९४४ साली कायदा झाला आणि दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ७८ लाख सैनिकांनी सरकारी खर्चाने शिक्षण घेतले. आता तिथला सैनिक काही अटींवर आपला शिक्षणाचा हक्क बायकोला किंवा मुलांना देऊ शकतो आणि त्यातून पुढच्या पदवीची फीही भरता येते. आपल्याकडे तशी एकच मोठी योजना नाही, लहान लहान पुष्कळ आहेत. म्हणून आपल्याकडे चौकशीला फार महत्त्व.

हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत केंद्राचे शिक्षण अनुदान आहे. ते महिन्याला १,००० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी २,००० झाले. हेच अनुदान दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी सैनिकाच्या विधवेला मिळू शकते. आपल्यात एक वहिनी बसल्या आहेत, नाव घेत नाही. लग्नाआधी त्यांनी नर्सिंगची पदवी घेतलेली आहे. त्यांनी एम.एस्सी. नर्सिंगचा विचार जरूर करावा, मुलाला आम्ही शेजारणी सांभाळू.

वैद्यकीय प्रवेशांत महाराष्ट्रात सैनिकांच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत, त्याही विचाराव्या. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ केली आहे. दोन सवलती एकत्र चालतात की नाही, ते मात्र अर्जापूर्वीच कचेरीत विचारावे, काही लपवू नये. आणि ज्या मुलींना स्वतःलाच सैन्यात जायचे असेल त्यांच्यासाठी सैनिकी नर्सिंग कॉलेजे आहेत, पुण्याचे ए.एफ.एम.सी. त्यांपैकी एक. सगळ्या मिळून २२० जागा, त्या फक्त मुलींसाठी. शिक्षण सरकारी खर्चाने होते आणि पुढे लष्करी नर्सिंग सेवेत अधिकारी म्हणून नेमणूक मिळते.

भगिनींनो, आपले पुरुष सीमेवर गेले तेव्हा घर आपणच सांभाळले. धान्य, दुखणी, सासू-सासरे, सगळे सांभाळले. फक्त कागद तेवढे "त्यांचे" म्हणून पेटीत ठेवून दिले. तसे करू नका. ते कागद मुलांच्या भविष्याचे असतात. आज घरी गेल्यावर पेटी उघडा. प्रत्येक मुलाचे नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहा. फरक असेल तर आजच दुरुस्तीला लागा, मूल दहावी-बारावीला जाईपर्यंत थांबू नका.

माझी मंडळाला एक विनंती आहे. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी आपण सभागृहात सतरंजी टाकू. ज्यांना इंग्रजी येते त्यांनी वाचावे, ज्यांना येत नाही त्यांनी कागद आणावेत. चहा मी करीन. आणि ज्यांच्या घरी कुणी सैनिक नाही त्यांनी ७ डिसेंबरला ध्वजदिनाच्या डब्यात यथाशक्ति घालावे, शिक्षण अनुदानाचा पैसा त्याच निधीतून येतो.



जय हिंद.