मचाणावरील एक रात्र

श्रोतेहो, वाघाची गोष्ट ऐकण्याच्या आशेनें आपण रेडिओ लावला असेल, तर आरंभींच क्षमा मागतों. त्या रात्रीं मला वाघ दिसला नाहीं.

१९९४ सालच्या मे महिन्यांत मेळघाटांत बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं वन्य प्राण्यांची गणना व्हावयाची होती. १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हां देशांतील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होतें. वैशाखांत तेथील नाले आटतात, कांहीं डोहांतच काय तें पाणी उरतें, आणि जनावरांना तेथें यावेंच लागतें. पौर्णिमेच्या चांदण्यांत तीं दिव्यावांचून दिसतात. एकच जनावर दोनदां पाणी पिऊन गेलें तर काय, ही शंका तेव्हांहि होतीच. आतां वाघाच्या पट्ट्यांवरून कॅमेरे त्याची ओळख पटवितात, आणि ही रात्र बव्हंशीं हौशी लोकांच्या अनुभवापुरती राहिली आहे.

माझ्या सोबतीस एक वृद्ध कोरकू वनमजूर होते. सायंकाळीं त्यांना थंडी वाजून ताप भरला. मीं मोठ्या धीरानें म्हटलें, "बाबा, तुम्ही जीपनें परत जा. मी एकटा बसेन." हें वाक्य मीं उजेडीं उच्चारलें होतें.

मचाण ऐनाच्या झाडावर, दहा-बारा हात उंच. नऊ वाजेपर्यंत तीन सांबरें, एक भेकर आणि रानडुकरांचा कळप मीं वळणदार अक्षरांत तक्त्यांत नोंदविला. रातवा पक्षी कोणी फळीवर खिळा ठोकावा तसा ओरडत होता. एकच्या सुमारास पलीकडे सांबर 'ढाँक' करून ओरडलें, वानरें खेंकसलीं, आणि मग सारें स्तब्ध झालें. ती स्तब्धता फार वाईट. थोड्या वेळानें बुंध्याशीं कोणी तरी भात्यासारखें फुसफुसूं लागलें. अस्वल! माझ्या पिशवींत गुळाच्या दशम्या होत्या.

वाघ सहसा झाडावर चढत नाहीं, हें मीं वर्गांत शिकविलें होतें. अस्वल मधासाठीं सहज चढतें, हेंहि मींच शिकविलें होतें. सालीवर नखें खरखरलीं. विजेरी हाताशीं असून बोटें हालेनात. मीं चादर डोक्यावरून ओढली व डोळे मिटले. ते उघडले तेव्हां चंद्र कलला होता आणि घड्याळांत साडेतीन झाले होते.

तक्त्यांतले अडीच तास कोरे होते. 'अस्वल १' एवढें लिहिलें असतें तर कोण विचारणार होतें? पेन्सिल कागदाला टेकलीहि होती. दुसऱ्याच्या पाटीवरून उत्तर उतरणाऱ्या मुलांना मीं शून्य दिलें होतें, आणि येथें मी न पाहिलेलें उत्तर लिहीत होतों! अखेर लिहिलें : '१ ते ३॥ : भीतीमुळें निरीक्षण केलें नाहीं.'

सकाळीं जीप आली. अधिकाऱ्यांनीं ती ओळ दोनदां वाचली, माझ्याकडे पाहिलें, आणि मुकाट्यानें सही केली. ताप उतरलेले बाबाहि आले होते. त्यांनीं बुंध्यावरून हात फिरविला, माझें बोट धरून सालीवरील ओरखड्यांवर टेकविलें, आणि म्हणाले, "दोन होतीं, गुरुजी. मोठ्या नखांजवळ हीं पिलाचीं बघा."