आबांना दोन शब्द



गणपतराव देशमुख, आपले आबा, २०१९ ची निवडणूक लढवणार नाहीत हे ऐकून आम्हा सांगोल्याकडच्या वारकऱ्यांना तेव्हा चुकल्यासारखं झालं होतं. १९६२ पासून ११ वेळा या एकाच तालुक्यानं त्यांना आमदार केलं. खरं बोलायचं तर १९७२ आणि १९९५ ला आपणच त्यांना घरी बसवलं. तरी त्यांचं एसटीनं हिंडणं काही थांबलं नाही.

त्यांच्या खांद्यावर लाल बावटा, आपल्या खांद्यावर भगवी पताका. पण दुष्काळानं दोघांना एकाच वाटेला लावलं. पंढरी आपल्याला एका दिवसाची वाट. चंद्रभागेत स्नान करून घरी यावं, तर रांजण कोरडा! आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णांबरोबर आबा कृष्णेच्या पाण्यातला हिस्सा मागायचे, तेव्हा आपल्यातलेच काही हसायचे, दरसाल तेच भजन म्हणून. टेंभू-म्हैसाळचं पाणी दुष्काळी गावांत आलं तेव्हा हसणारे गप्प झाले. सगळ्या वावरांना मात्र ते अजून पोचलेलं नाही.

आबांनी आमदारकी सोडली, त्याला आमची हरकत नव्हती. पाणी परिषदेला यायचं सोडू नका, एवढंच त्यांच्याकडे तेव्हा मागणं होतं. आम्ही येतोच, टाळ घेऊन.