एका सेकंदाला चोवीस चित्रं

(रौप्यमहोत्सवी वर्षात रहिवाशांनी आपापल्या कामाविषयी बोलावं, म्हणून गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)



मी बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. माझ्या कामाची सगळ्यात जास्त कल्पना आपल्या वॉचमनना आहे, कारण रात्री दोन-अडीचला मी आले की गेट तेच उघडतात. बाकीच्यांना एवढंच माहीत आहे, की ‘ती सिनेमासाठी कॉम्प्युटरवर काहीतरी करते’. ते काही खोटं नाही. मी व्हीएफएक्स स्टुडिओत काम करते. शूटिंगच्या वेळी खराखुरा धूर सोडला, नळाने पाऊस पाडला, गाडी उडवली, तर ते स्पेशल इफेक्ट्स. शूटिंग झाल्यावर चित्रात काही घातलं किंवा चित्रातून काही पुसलं, तर ते व्हिज्युअल इफेक्ट्स, म्हणजे व्हीएफएक्स.

आज बोलायला मी लगेच हो म्हटलं, त्याला कारण आहे. वर्षभरात आपल्याच सोसायटीतल्या चार घरांतून मला एकच प्रश्न आला. ‘मुलगा व्हीएफएक्सचा कोर्स करायचा म्हणतोय, फी लाखांत आहे, घालू का?’ लिफ्टमध्ये तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत याचं उत्तर देता येत नाही. आज वीस मिनिटं मिळाली आहेत, तर देते.

आधी एक हिशेब. सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रं डोळ्यांपुढून जातात. त्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. अडीच तासांच्या सिनेमात दोन लाख सोळा हजार फ्रेम. आमचं सगळं काम या फ्रेममध्ये चालतं. हे कॉम्प्युटर आल्यावर सुरू झालं असं वाटत असेल, तर तसं नाही. ते आपल्या दादासाहेब फाळक्यांपासून चालू आहे.

१९१२ साली दादासाहेब लंडनहून कॅमेरा घेऊन आले. पण सिनेमाला पैसे कोण देणार? हे यंत्र काय करू शकतं ते लोकांना दाखवायला हवं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडं थोडं चित्रण करत राहिले. मग ती पट्टी चालवून दाखवली. दाणा फुटला, कोंब आला, बघता बघता रोप उभं राहिलं. ते बघून पैसे मिळायची वाट मोकळी झाली आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. दादासाहेब जादूचे प्रयोगही करत. फाळके हे नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव त्यांनी घेतलं होतं. पण वाटाण्याच्या त्या चित्रपटात हातचलाखी नव्हती, होता तो धीर. आणि आणखी एक. तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकं घरीच पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई फाळके करत, तेही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. वर युनिटचा स्वयंपाकही त्याच बघत. पहिल्या सिनेमाच्या मागे हे हात होते.

त्या काळची मुख्य युक्ती सांगते. भिंगाचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा आणि उरलेल्या अर्ध्यात चित्रण करायचं. फिल्म मागे फिरवून घ्यायची. मग आधी झाकलेला भाग उघडायचा, दुसरा झाकायचा आणि पुन्हा चित्रण करायचं. एकाच माणसाचा डबल रोल तयार. कॅमेरा बोटभर हलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये, १९३६ साली, तुकोबा गरुडावरून वैकुंठाला जातात, तो प्रसंग आजही बघा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने तो हात जोडून पाहिला. त्याच्या पुढच्याच वर्षी ‘ख्वाब की दुनिया’मध्ये बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत चालवल्या आणि सिनेमावाले त्यांना ‘काला धागा’ म्हणू लागले. पुढे १९८७ सालच्या ‘मिस्टर इंडिया’त दिसेनासा होणारा माणूस पीटर परेरा यांनी कॅमेऱ्याच्याच कसबाने उभा केला.

आता आमचं काम. समजा, नायक कड्यावरून लोंबकळतोय. प्रत्यक्षात तो स्टुडिओत जमिनीपासून सहा फुटांवर आहे, कमरेला पट्टा आहे, वर दोर आहे आणि मागे हिरवा पडदा. हिरवाच का? माणसाच्या कातडीत हा रंग जवळजवळ नसतो आणि डिजिटल कॅमेऱ्याला हिरवा सगळ्यात स्वच्छ दिसतो. कॉम्प्युटरला सांगायचं, हिरवं तेवढं काढ. मात्र नायिकेच्या हातात हिरवा चुडा असेल तर चुडाही जातो आणि तिच्या मनगटातून डोंगर दिसायला लागतो! तेव्हा पडदा निळा लावतात.

हे फुटेज स्टुडिओत आलं की ते चार-पाच टेबलांवरून फिरतं. पहिलं टेबल रोटोचं. जिथे पडदा नीट नसतो तिथे माणसाच्या कडेने रेघ काढून त्याला मागच्या चित्रापासून वेगळं करायचं. पाच सेकंदांच्या शॉटमध्ये एकशेवीस फ्रेम. रेघ प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर बसली पाहिजे, वाऱ्यावर उडणाऱ्या बटांसकट. दुसरं टेबल पेंटचं. दोर पुसायचा, पण त्यामागचा शर्ट, त्याच्या चुण्या पुन्हा भरायच्या. तिसरं टेबल कॅमेऱ्याची चाल शोधणाऱ्यांचं. पडद्यावर चिकटवलेल्या खुणांवरून खरा कॅमेरा कसा हलला ते काढायचं, म्हणजे खोटा कडाही तसाच हलेल. चौथ्या टेबलावर तो कडा तयार होतो. दगड, गवत, ऊन, सावली. ऊन कुठल्या बाजूने होतं हे कळावं म्हणून शूटिंगच्या जागी एक करडा आणि एक आरशासारखा चकचकीत गोळा धरून फोटो काढलेले असतात. आणि शेवटचं टेबल माझं, कॉम्पोझिटिंगचं. हे सगळे थर एकावर एक बसवायचे आणि प्रेक्षकाला सांधा दिसू द्यायचा नाही. नायकाच्या कानामागे हिरवट झाक राहिली, तर दोष माझा.

आमच्या कामाची शाबासकी अशी, की ते केलेलं कुणाला कळत नाही. पण याच कारणाने त्याची किंमतही लवकर कळत नाही. यासाठी एक खरी घटना सांगते.

‘लाइफ ऑफ पाय’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. होडीत मुलगा आणि वाघ. तैवानमध्ये ताइचुंगच्या बंद पडलेल्या विमानतळावर पाण्याचं प्रचंड टाकं बांधून तो समुद्र केला होता. काही थोड्या शॉटमध्ये खरा वाघ आहे, बाकी बहुतेक वाघ कॉम्प्युटरवर केलेला. होडीत त्या मुलासमोर वाघाच्या जागी निळ्या कापडाचं बुजगावणं असायचं. वाघाचं मुख्य काम रिदम अँड ह्यूज या अमेरिकन कंपनीने केलं. त्या कंपनीचे मुंबई आणि हैदराबादलाही स्टुडिओ होते. त्या वाघामागे आपल्याकडचे हातही होते.

२४ फेब्रुवारी २०१३ ला या कामाला ऑस्कर मिळालं. आणि त्याआधी दोनच आठवडे त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. समारंभ चालू असताना थिएटरबाहेर रस्त्यावर याच क्षेत्रातले शेकडो लोक फलक घेऊन उभे होते. आत बक्षीस घेणारे बिल वेस्टनहॉफर कंपनीच्या अडचणीबद्दल बोलायला लागले, तेव्हा वेळ संपल्याचं संगीत वाजलं आणि माइक बंद झाला.

असं का होतं? कामाचा भाव आधी ठरतो. एवढे शॉट, एवढे पैसे. नंतर दिग्दर्शक म्हणाला, वाघ थोडा डावीकडे बघू दे, की अख्खा शॉट नव्याने. भाव बहुतेक वेळा तोच राहतो. वाढलेलं काम कुणाच्या तरी रात्रीतून निघतं. मी अडीचला घरी येते ते यामुळे. भारतातल्या स्टुडिओंकडे रोटो आणि पेंटचं काम मोठ्या प्रमाणावर येतं, ते आपल्याकडे स्वस्तात होतं म्हणूनही. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा जगभर पसरलेला मोठा समूह बंद पडला, तेव्हा आपल्या देशातल्याही हजारो मुलांच्या नोकऱ्या गेल्या. आणि आता रोटो, पेंट ही सुरुवातीची कामं एआय पटापट शिकतं आहे. नवा मुलगा याच पायरीवरून वर चढतो. जाहिरातीत हे छापलेलं नसतं.

म्हणजे मुलांना घालू नका असं मी म्हणते का? नाही. मला हे काम आवडतं. वीस वर्षं झाली, तरी शॉट नीट बसला की अजून आनंद होतो. फक्त फी भरायच्या आधी तीन गोष्टी करा. पहिली, संस्थेने दाखवलेली पोस्टरं बाजूला ठेवा आणि दोन वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेल्या पाच मुलांचे फोन नंबर मागा. ती आज कुठे आहेत, पगार किती, विचारा. दुसरी, मुलाला चित्रकला, फोटोग्राफी शिकू द्या. ऊन कसं पडतं, सावली कुठे मऊ होते हे ज्याला दिसतं, तो सॉफ्टवेअर बदललं तरी टिकतो. आणि पदवी सोडून देऊ नका.

तिसरी गोष्ट फुकट आहे. वाटीत भिजवलेली मटकी घ्या, फोन एका जागी पक्का बसवा आणि दर पाच मिनिटांनी एक फोटो. चोवीस तासांत दोनशे अठ्ठ्याऐंशी फोटो होतात आणि त्यांचा सिनेमा भरतो फक्त बारा सेकंदांचा. फोनमध्ये हे आपोआप करायची सोय असते, पण ती वापरू देऊ नका. रविवारचा एक दिवस हाताने काढू दे. रात्र सोडली तरी दीडेकशे फोटो होतील. मधे फोन हलला तर मुलगा काय करतो ते बघा. कंटाळून क्रिकेटला गेला, तर छानच, त्याला खेळू द्या. आपली लाखांची फी वाचली. पण ‘आई, हलला गं, पुन्हा पहिल्यापासून करतो’ म्हणाला, तर माझ्याकडे पाठवा. रविवारी सकाळी अकरानंतर मी घरीच असते. (त्याआधी झोपलेली असते, हे वॉचमन सांगतीलच.)

आणि तुम्हा सगळ्यांना एक विनंती. सिनेमा संपल्यावर खाली नावं सरकत असतात, तेव्हा आपण पार्किंगमधून गाडी आधी काढायच्या घाईत असतो. व्हीएफएक्सची नावं अगदी शेवटी, बारीक अक्षरात, चार-चार रांगांत येतात. एकदा दोन मिनिटं थांबून वाचा. देशपांडे, शेख, नायर, पाटील, डिसोझा, अशी आपल्या जिन्यातल्या पाट्यांसारखी नावं दिसतील. आणि जी त्यात आलीच नाहीत, अशीही बरीच असतात.

 पंचवीस वर्षांच्या आपल्या सोसायटीला शुभेच्छा. मटकीचे सिनेमे तयार झाले, तर गणपतीत मंडपात पडद्यावर दाखवू, प्रोजेक्टर मी आणते.